गाडी बंद पडावी म्हणून केलेला प्रवास

छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, वेरूळ पाहिलं का? पाहिलं. पण त्या मुक्कामात मी सगळ्यांत जास्त वेळ पाहत बसलो ते वीतभर रुंदीच्या एका काळ्या पडद्याकडे. त्याच्यावर एक पिवळी रेघ धावत होती. ती रेघ पाहून माझी छाती जशी दडपली तशी लेण्यांसमोरही फार थोड्या वेळा दडपली, हे आधीच सांगून टाकतो.

नेवाशाच्या पुढे

मिरजेहून निघालो तेव्हा गाडी सुलभा चालवत होती. सुलभा म्हणजे माझी पत्नी. लहानपणी पोलिओने तिचे पाय अधू झाले. ती पायांना बांधायच्या कॅलिपरच्या पट्ट्या आणि काठीच्या आधाराने चालते, आणि गाडी हातांनी चालवते. आमची गाडी जुनी, आपोआप गिअर बदलणारी. तिच्या स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक दांडी बसवून घेतलेली आहे. दांडी पुढे ढकलली की ब्रेक लागतो, स्वतःकडे ओढली की ॲक्सिलरेटर. पायाची पेडल काढलेली नाहीत, त्यामुळे मलाही ती चालवता येते. पण ती गाडी सुलभाची आहे. दंडोबाच्या डोंगराकडच्या एका गावात ती गणित शिकवते. ही गाडी येईपर्यंत ती शाळेत कोणाच्या तरी सोयीने जायची आणि कोणाच्या तरी सोयीने परत यायची.

काही महिन्यांपासून गाडीला एक खोड लागली होती. चढावर मध्येच इंजिन बंद पडायचं आणि लगेच पुन्हा सुरू व्हायचं. मिरजेत एका गॅरेजात कॅमशाफ्टचा सेन्सर बदलला, तरी खोड गेली नाही. दुसऱ्या गॅरेजातल्या मेकॅनिकने गाडी फिरवून आणली, काही दोष नाही म्हणाला, आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मॅडमचा हात नीट बसत नसेल." सुलभा चार हातांवर उभी होती. तिला ते ऐकू गेलं.

गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे होता. सुलभाने तो ओलांडायला घेतला आणि अर्ध्यात इंजिन बंद पडलं. अशा वेळी स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. पायाने चालवणारा माणूस पेडलवर उभा राहू शकतो. सुलभाला दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून दांडी ढकलावी लागली. मागचा ट्रक भोंगा वाजवत आमच्या आरशाला चाटून गेला.

गाडी कडेला लागली. मग तिने किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"ही तुमच्याकडे असू द्या. कारण सापडलं तर मी मागून घेईन. नाही सापडलं तर मागणार नाही."

"अगं, एवढं काय..."

"गाडीत उद्या कोणाचं पोर असेल तर? सापडलं तर मागेन. बस."

पुढचा रस्ता मी चालवला. गाडी एकदाही अडखळली नाही. तेव्हा मला त्याचं बरंच वाटलं होतं.

करमाडला भजी

संभाजीनगरात ज्या लॉजवर उतरलो त्याच्या मालकांनी गाडीसाठी एकच नाव सांगितलं, अन्वरभाई. पन्नाशीचा, धिप्पाड, सतत बोलणारा माणूस. घर शहागंजमध्ये, दुकान जालना रोडपासून थोडं आत. गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी बरीच वर्षं काढली आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. आपल्याला काय येतं हे सांगायला ते मुळीच लाजत नाहीत.

"गाडीचा कॉम्प्युटर काय बोलतोय? कॅमशाफ्टच्या सेन्सरचा निरोप आला नाय. बरोबर? मग लोक सेन्सर बदलतात. आता मला सांगा साहेब, पाहुणा घरी पोचला नाय, तर तो निघालाच नाय का रस्त्यात अडकला, हे बघायला नको?"

"मग बघा," मी म्हणालो.

"असं कसं बघू? आत्ता तर झकास चालू है. बंद पडल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाय. बसा गाडीत. आपण तिला फिरवू. लाजून लाजून किती दिवस लाजंल?"

आमच्याकडे मेकॅनिक गाडी ठेवून घेतो आणि संध्याकाळी या म्हणतो. इथे मालकाने, मालकिणीने आणि मेकॅनिकने मिळून गाडी घेऊन गावं पालथी घालायची, असा कारभार होता. अन्वरभाईंच्या पत्नी शाहीनभाभी यांनी तर डबाही पाठवला. पिवळी खिचडी, पापड, आणि चिंच, तीळ, शेंगदाणे वाटून केलेलं एक आंबट पातळ कालवण. त्याला खट्टा म्हणतात. मी तो वाटीने प्यायलो.

निघण्याआधी अन्वरभाईंनी बॉनेटखालून दोन बारीक वायरी काढून खिडकीतून आत घेतल्या आणि एका छोट्या यंत्राच्या, मघाशी सांगितलेल्या त्या काळ्या पडद्याला जोडल्या. इंजिन सुरू झालं आणि पडद्यावर पिवळी रेघ धावू लागली. वर, खाली, वर, खाली, सरळ कापलेल्या कडांची. मी विचारलं, हे नक्की काय?

त्यांनी फार सोपं करून सांगितलं. इंजिनाच्या माथ्यावर एक दांडा फिरतो, तो कॅमशाफ्ट. हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा तो उघडतो. खालचा मोठा दांडा दोन फेरे घेतो तेव्हा हा एक घेतो. दांडा या घटकेला नेमका कुठे आहे, हे सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, आणि त्यावरून कोणत्या नळकांड्यात पेट्रोल सोडायचं ते ठरतं. हा निरोप तुटला तरी काही गाड्या तशाच रेटत राहतात. आमची जागीच बंद पडते.

मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. रस्त्यावर खालचा दांडा मिनिटाला तीन हजार फेरे घेत होता. म्हणजे वरचा दीड हजार. म्हणजे सेकंदाला पंचवीस. म्हणजे तासाला नव्वद हजार वेळा तो दांडा 'मी इथे आहे' असं कळवतो, आणि आम्ही पुढे बसून भाव आणि भाकरीच्या गप्पा मारत असतो. हा आकडा मी मोठ्याने सांगितला तेव्हा अन्वरभाईंनीही मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"नव्वद हजार? हौ, असंल की. मी कधी मोजलंच नाय."

मागे बसलेली सुलभा म्हणाली, "नव्वद हजार वेळा हजर, आणि एकदा दांडी मारली तर तुम्ही लगेच नापास करता होय?"

करमाडपर्यंत रस्ता सपाट. जाताना मी चालवली, येताना अन्वरभाईंनी. करमाडला टपरीवर मिरचीची भजी खाल्ली, ऊन खाल्लं, आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. अन्वरभाईंचा चेहरा उतरला होता. "आज लई शहाण्यासारखी वागली," असं म्हणून त्यांनी टपावर थाप मारली.

दौलताबादचा दरवाजा

दुसऱ्या दिवशी चढ हवा म्हणून वेरुळाचा रस्ता धरला. गाडी अन्वरभाई चालवत होते, मी शेजारी पडदा मांडीवर घेऊन, सुलभा मागे. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाजातून जातो. समोरून एसटी आली म्हणून थांबलो. मी सहज वर पाहिलं. तटाच्या माथ्यावर दगडी कंगोरे एका ओळीत उभे होते. एक उंच, मग खाच, एक उंच, मग खाच. आणि माझ्या मांडीवर पिवळ्या रेघेत तेच. मी पडदा उचलून सुलभाला दाखवला. तिने एकदा तटाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे.

"आणि हा तट दर सेकंदाला पाडून पुन्हा बांधायचा," ती म्हणाली.

त्यानंतर मला ती रेघ नुसती रेघ वाटली नाही. बॉनेटखाली, तेलकट अंधारात, कोणाचं लक्ष नसताना एवढा नेमका तट कोणीतरी उभारत होतं. एकही कंगोरा वाकडा नव्हता. आमची गाडी मी दर रविवारी पुसतो. तिच्या आत असं काही चाललंय, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

खुलताबादचा घाट चढलो. तट शाबूत राहिला. वेरुळाला कैलास लेण्याच्या पटांगणात सुलभा एका पायरीवर बसली आणि मान मागे टाकून बराच वेळ वर बघत राहिली. डोंगर वरून खाली खोदत आणलेला. एकदा काढलेला दगड परत लावायची सोय नाही. मी आकार अंदाजायला लागलो, पण थोड्या वेळाने सोडून दिलं. काही ठिकाणी अंदाज बांधणं हाच आगाऊपणा वाटतो.

अन्वरभाई मात्र आत आले नव्हते. "माझं शंभरदा बघून झालंय. मी हिला तापवतो," असं म्हणून ते गाडीपाशी उन्हात थांबले होते. आम्ही परत आलो तेव्हा बॉनेटवर हात ठेवता येत नव्हता. त्यांनी गाडी त्याच चढांवरून वर-खाली पळवली. इंजिन हू की चू करेना.

"साहेब, आता मलाच शंका यायला लागली," ते म्हणाले. कसली, ते बोलले नाहीत. पण त्यांनी आरशातून मागे बघितलं आणि पटकन नजर वळवली. सुलभा खिडकीबाहेर बघत होती.

पाणचक्कीच्या कट्ट्यावर

संध्याकाळी आम्ही दोघं पाणचक्कीला गेलो. दूरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळ्यांतून जमिनीखालून आणलेलं आहे. वाटेत ते कुठेच दिसत नाही. एकदम उंच भिंतीवरून हौदात कोसळतं तेव्हाच कळतं की ते येतंय. पूर्वी या पाण्यावर पिठाचं जातं फिरायचं. हौदाच्या काठाशी, भल्या मोठ्या वडाखाली, तुषार अंगावर येत होते.

सुलभाने तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाली, "मिरजेच्या मेकॅनिकला वाटलं, तेच आता अन्वरभाईंनाही वाटतंय."

"काय?"

"की दोष गाडीत नाही. माझ्यात आहे." तिने काठी मांडीवर आडवी घेतली. "अहो, सरळ हिशेब आहे. मिरजेत दोघांनी चालवली, नाही बंद पडली. तुम्ही नेवाशापासून चालवली, नाही पडली. अन्वरभाईंनी दोन दिवस चालवली, नाही पडली. माझ्याच हातात पडते. तुम्ही माझ्या जागी असता तर काय उत्तर काढलं असतं?"

खोटं बोललेलं तिला चालत नाही. पाणी कोसळत होतं. किल्ली माझ्या खिशात होती आणि मला ती एकाएकी फार जड वाटायला लागली.

मग ती स्वतःशीच म्हणाली, "माझ्याच हातात." आणि ताठ बसली. "थांबा. तुम्ही सगळे पायांनी चालवता."

"हो."

"चढ तोच, इंजिन तेच. तुमच्या वेळी पेडल हलतं. माझ्या वेळी दांडी हलते. दांडीची केबल कुठून जाते?"

"बॉनेटखालून."

"मग दोन दिवस मला मागच्या सीटवर कशाला बसवलंय?"

मी तिथूनच अन्वरभाईंना फोन लावला आणि सुलभाचं म्हणणं सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज होता. अन्वरभाई बराच वेळ बोलेनात, आणि तो माणूस न बोलता मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"ताईंना द्या फोन," शेवटी ते म्हणाले. "ताई, रोगी सोडून मी शेजाऱ्याची नाडी बघत बसलो. उद्या सकाळी तुम्ही चालवा. मी मागं बसतो, गुपचूप."

मागून शाहीनभाभींचा आवाज आला, "गुपचूप? तुमी?"

चौका घाट

सकाळी सुलभाने माझ्यापुढे हात केला. "आजच्यापुरती द्या." मी किल्ली दिली.

फुलंब्रीच्या रस्त्यावर चौक्याचा घाट लागतो. फार मोठा नाही, पण चढ सलग आहे. अन्वरभाई मागे पडदा घेऊन बसले. मी पुढे, हँडब्रेकवर हात ठेवून. ते इशारा करतील तेव्हाच, रस्ता मोकळा बघून दांडी पूर्ण ओढायची, असं ठरलं होतं.

"आरामात ताई. आत्ता अर्धी. हां, बराबर. तट मस्त आहे."

वळण गेलं. पुढेमागे कोणी नव्हतं.

"ओढा!"

सुलभाने दांडी छातीशी ओढली. इंजिन गरजलं, गाडी उसळली, आणि पडद्यावरचा तट एका ठिकाणी कापल्यासारखा संपला. कंगोरा नाही, खाच नाही, नुसती सपाट रेघ. डोळ्याचं पातं लवायच्या आत इंजिन मुकं झालं. सुलभाने दोन्ही हातांनी दांडी पुढे रेटली, मी हँडब्रेक ओढला, गाडी कडेच्या लिंबाखाली थांबली.

"आली! आली बघा!" अन्वरभाई मागच्या सीटवर अक्षरशः उड्या मारत होते. "या अल्ला, काय सुरेख बंद पडली! ताई, शाब्बास!"

गाडी बंद पाडल्याबद्दल शाबासकी मिळालेली माझ्या माहितीतली ही एकमेव बाई. ती हसत होती, पण दांडी तिने अजून दोन्ही हातांनी पुढे दाबून धरली होती.

पुढचं जे झालं ते मी कधी विसरणार नाही. इंजिन बंदच ठेवून अन्वरभाईंनी बॉनेट उघडलं, सेन्सरची आणि कॉम्प्युटरची जोडणी सोडवली आणि त्या दोघांमधल्या वायरीच्या दोन टोकांना मीटर लावला. वायर सलग असली की हा मीटर पीं असा वाजत राहतो. तो वाजू लागला. घाट शांत होता. वारा, पाखरं, आणि ती एकसुरी पीं.

"आता ताई, दांडी पूर्ण ओढा. हळूच."

सुलभाने दांडी ओढली. आवाज थांबला.

"सोडा."

पीं.

"ओढा."

शांतता.

अन्वरभाईंनी मान वर केली. मी सुलभाकडे पाहिलं. बाजूच्या काचेपलीकडे तिचा चेहरा दिसत होता. कोणी न सांगता तिने आणखी एकदा ओढली आणि सोडली. मग परत एकदा. तिचा हात हलेल तसं घाटात ते सूर उमटत होते आणि थांबत होते. दोष तिच्या हाताचा नव्हता, याचा इतका स्पष्ट पुरावा मी कधी ऐकला नव्हता.

कारण मग उघड्यावर होतं. दांडी बसवून देणाऱ्याने तिची केबल खाली लोंबू नये म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने शेजारच्या वायरीला घट्ट बांधली होती. फार नीटनेटकं काम. बसवली त्या दिवशी ते बघून मीच समाधानाने मान डोलावली होती. ती शेजारची वायर सेन्सरची. दांडी पूर्ण ओढली की केबल ताठ व्हायची आणि वायरीला हिसका द्यायची. असे हिसके बसून बसून आतली तांब्याची तार तुटली होती. वरचं आवरण मात्र शाबूत, त्यामुळे डोळ्याला काही दिसत नव्हतं. दांडी सैल सोडली की तुटकी टोकं परत एकमेकांना टेकायची आणि गाडी शहाणी व्हायची. पायाने चालवलं तर ही केबल हलतच नाही. मिरजेचे मेकॅनिक जन्मभर फिरले असते तरी त्यांना ती सापडली नसती.

अन्वरभाईंनी आवरण चिरून तार मला दाखवली. केसांएवढ्या त्या तारा टोकाला हिरव्या पडल्या होत्या. सेकंदाला पंचवीस निरोप या एवढ्याशा फटीवरून उडी मारून जात होते आणि चढावर खाली पडत होते.

"बांधाबांध जास्त झाली," ते म्हणाले. "तारेला थोडी ढील पाहिजे. माणसाला पण पाहिजे."

"तुमच्या जिभेला तर लईच आहे," सुलभा गाडीतून म्हणाली. ते इतके हसले की हातातली पक्कड खाली पडली.

लिंबाच्या सावलीतच त्यांनी नव्या वायरीचा तुकडा घालून कथिलाचा डाग दिला, आणि केबल वेगळ्या वाटेने, सैल वळण ठेवून नेली.

सोयगावहून परत

आता तुम्हाला असंच सोडलं तर बहीण मला घरात घेणार नाय, असं म्हणून अन्वरभाई आम्हाला दुसऱ्या दिवशी सोयगावला त्यांच्या बहिणीकडे घेऊन गेले. जाताना अजिंठ्याचा घाट उतरावा लागतो, येताना चढावा लागतो, हे खरं कारण. रशीदाआपांनी ज्वारीची भाकरी, वांग्याचा झणझणीत रस्सा आणि शेवटी घरच्या बागेतली केळी वाढली. आमच्याकडे पाहुणा नको म्हणाला की वाढणारा दोनदा आग्रह करतो. इथे नको हा शब्द कोणी ऐकल्याचं दिसलं नाही. सुलभाला त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हाताने चालिवतीस? मग मला शिकिव. माझे गुडघे गेले."

परतीच्या वाटेवर किल्ली माझ्याकडे नव्हती. चौक्याहून परतल्यावर तिने ती मला दिली होती, पण सकाळीच ती सुलभाच्या पर्समध्ये गेली होती. तिने मागितली नाही, मी दिली नाही. लॉजच्या टेबलावर मी ठेवली आणि तिने उचलली, एवढंच.

घाटाच्या पायथ्याशी अन्वरभाईंनी पडदा लावला आणि माझ्या मांडीवर दिला. सुलभाने दांडी ओढली. पहिलं वळण, दुसरं वळण. पुढे भरलेला ट्रक रांगत होता. मोकळा रस्ता दिसताच तिने दांडी पूर्ण छातीशी घेतली, आणि मी पडद्याकडे बघत राहिलो. कंगोरा, खाच, कंगोरा, खाच. ट्रक मागे पडला. एका बाजूला दरी खोल होत गेली, दुसऱ्या बाजूला काळा खडक, आणि मध्ये ते न थकणारं पिवळं बांधकाम. मी हिशेब करणं सोडून दिलं होतं.

घाटमाथ्यावर गाड्या उभ्या होत्या. लोक उतरून दरीचे फोटो काढत होते. कितीतरी महिने प्रत्येक चढावर आम्ही थांबतच आलो होतो. सवयीने मी विचारलं, "थांबायचं का?"

"कशाला?" सुलभा म्हणाली. "बंद कुठे पडलीय?"

तिने दांडी जरासुद्धा सैल केली नाही. त्यामुळे अजिंठ्याच्या घाटमाथ्यावरून दरी कशी दिसते, ते मला इथे सांगता येत नाही.